तान्ह्या मुलांच्या स्वरयंत्राचे दर्शन : लॅरिंगोस्कोपच्या प्रकारांचा तौलनिक विचार

स्वरयंत्र हा अवयव ध्वनिविचाराच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आरंभीच भेटतो. घोष आणि अघोष वर्णांचा भेद त्याच्यामुळे संभवतो, आणि सुराची उंची त्याच्याच ताणावर अवलंबून असते. मात्र अशा पुस्तकांत छापलेली आकृती प्रौढ मनुष्याच्या स्वरयंत्राची असते. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे स्वरयंत्र कोठे असते आणि कसे असते, याचा विचार भाषेचा अभ्यासक क्वचितच करतो. तो विचार ज्यांना नित्य करावा लागतो असा एक वर्ग आहे, आणि तो म्हणजे नवजात मुलांवर उपचार करणारे वैद्य व भूलतज्ज्ञ यांचा. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत एक बारीक नळी घालावी लागते. या क्रियेला इंट्युबेशन म्हणतात. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात तिचे नाव ‘नळी टाकणे’ एवढेच असते. नळी घालण्यापूर्वी स्वरयंत्र डोळ्यांना दिसावे लागते आणि ते दाखविणारे उपकरण म्हणजे लॅरिंगोस्कोप.

तान्ह्या मुलांसाठी कोणत्या प्रकारचा लॅरिंगोस्कोप योग्य, हा वाद सुमारे ऐंशी वर्षे चालत आलेला आहे. वरवर पाहता तो एका हत्याराच्या पात्याविषयीचा वाद आहे: पाते सरळ असावे की वक्र, एवढाच. वस्तुतः त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. तान्ह्या मुलाची कंठरचना प्रौढाहून किती वेगळी आहे, हा पहिला प्रश्न. स्वरयंत्र कोणाला दिसते, एकट्या नळी घालणाऱ्याला की शेजारी उभे असणाऱ्यांनाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली. दुसरा मात्र अलीकडेपर्यंत कोणी फारसा विचारलाच नव्हता. आणि गेल्या दहा-बारा वर्षांतील प्रयोग पाहता निकाल लावणारा प्रश्न तोच असावा असे दिसते.

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द. दोन स्वरतंतूंच्या मधील फटीला येथे स्वरद्वार म्हटले आहे. जिभेच्या मुळामागे उभे असलेले, पानाच्या आकाराचे कूर्चेचे झाकण, ज्याला वैद्यकात एपिग्लॉटिस म्हणतात, त्यास अधिस्वरद्वार ही संज्ञा वापरली आहे. जिभेचे मूळ आणि हे झाकण यांच्या मधला खोलगा म्हणजे वॅलेक्युला. लॅरिंगोस्कोपच्या मुठीला जोडलेल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीला वैद्य मंडळी ब्लेड म्हणतात. तिला धार नसल्यामुळे ‘पाते’ हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे, परंतु दुसरा सोयीचा शब्द नसल्याने तोच घेतला आहे.

स्वरयंत्र न पाहता त्याविषयी बोलण्याची परंपरा फार जुनी आहे. कंठ मिटलेला असता नाद उत्पन्न होतो व उघडा असता श्वास, हा विवेक प्रातिशाख्यकारांनी केवळ श्रवणाच्या आणि आत्मनिरीक्षणाच्या बळावर केला होता, आणि तो बरोबर होता. जिवंत मनुष्याचे स्वरद्वार हालताना प्रत्यक्ष दिसावे आणि ते पद्धतशीरपणे नोंदले जावे, हा योग १८५४ साली आला. आणि तो आणणारा मनुष्य वैद्य नव्हता, तर गायनशिक्षक होता. मान्युएल गार्सिया याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा घशाच्या मागील भागाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचे स्वरतंतू पाहिले. त्याचा निबंध १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. पुढे व्हिएन्नाच्या ट्यूर्क व चेर्माक यांनी ही रीत वैद्यकात आणली.

परंतु गार्सियाच्या आरशाला एक मर्यादा होती, आणि तान्ह्या मुलांच्या दृष्टीने ती निर्णायक ठरली. आरशाने पाहायचे तर समोरच्या माणसाने ताठ बसावे लागते, जीभ बाहेर काढावी लागते, घशाला होणारा स्पर्श सोसावा लागतो, आणि सांगितलेला स्वर उच्चारावा लागतो. हे सहकार्य दोन दिवसांचे मूल करीत नाही. परिणामी गायकांचे, वक्त्यांचे आणि रुग्णांचे स्वरद्वार दिसू लागल्यानंतरही मुलांचे स्वरद्वार अदृश्यच राहिले. १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्कचा बालरोगवैद्य जोसेफ ओड्वायर घटसर्पाने गुदमरलेल्या मुलांच्या स्वरयंत्रात धातूची नळी बसवीत असे. ते सारे बोटाने चाले. डाव्या हाताची तर्जनी जिभेच्या मुळापर्यंत नेऊन अधिस्वरद्वार पुढे उचलून धरायचे आणि त्याच बोटाच्या आधाराने नळी आत सरकवायची. या स्पर्शविद्येने पुष्कळ मुले वाचली. तिचे कौशल्य मात्र ज्याच्या त्याच्या बोटात राही. गुरूने शिष्याला काय सांगावे? बोटाला जे लागते ते शब्दांत फारसे उतरत नाही.

सरळ दृष्टीने स्वरयंत्र पाहण्याची युक्ती बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन याने १८९५ साली काढली. एका सहकाऱ्याकडून अन्ननलिका पाहण्याची नळी चुकून श्वासनलिकेत शिरली, ही हकिगत ऐकून त्याला ती सुचली असे सांगतात. डोके मागे करून आणि जीभ उचलून धरून तोंडापासून स्वरद्वारापर्यंत एक सरळ रेषा मोकळी करता येते, हे यातून सिद्ध झाले. आरशाची गरज संपली आणि रुग्णाच्या सहकार्याचीही. यालाच पुढे प्रत्यक्ष लॅरिंगोस्कोपी हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन व हेन्री जेनवे यांनी उपकरणात दिवा बसवून ही रीत रुळविली.

आज ज्या दोन पात्यांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतात ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहेत. टेक्सासमधील रॉबर्ट मिलर याने १९४१ साली लांब, अरुंद, जवळजवळ सरळ आणि टोकाशी किंचित वळलेले पाते प्रसिद्ध केले. त्याच पात्याची तान्ह्या मुलांसाठी लहान आवृत्ती त्याने १९४६ साली दिली. मूळचा न्यूझीलंडचा आणि ऑक्सफर्डला भूलशास्त्राचा प्राध्यापक असलेला रॉबर्ट मॅकिंटॉश याने १९४३ साली वक्र पाते पुढे आणले. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे तोंड उघडून ठेवणारे साधन बसविताना स्वरतंतू अनायासे समोर दिसले, यातून त्याला ही कल्पना सुचली.

दोन पात्यांतील भेद आकाराचा वाटतो, पण खरा भेद त्यांच्या कृतीचा आहे. सरळ पात्याचे टोक अधिस्वरद्वाराच्या खाली जाते आणि ते झाकण प्रत्यक्ष उचलते. वक्र पात्याचे टोक झाकणाच्या अलीकडे, वॅलेक्युलाच्या खोलग्यात टेकते. तेथील स्नायुबंध ताणला गेला की झाकण आपोआप वर उचलले जाते. पेटीचे झाकण हाताने उघडावे किंवा बिजागरी दाबून उघडावे, असा हा फरक आहे. मॅकिंटॉशच्या रीतीला एक शास्त्रीय आधारही होता. अधिस्वरद्वाराच्या खालच्या पृष्ठाला व्हेगस नाडीच्या शाखेकडून संवेदना मिळते, तर वॅलेक्युलाला जिव्हा-ग्रसनी नाडीकडून. खालच्या पृष्ठाला स्पर्श झाला तर हृदयाची गती मंदावण्याचा संभव अधिक असतो. तान्ह्या मुलांत ही प्रतिक्रिया विशेष तीव्र असते. तेव्हा या तर्काने पाहिले तर मुलांसाठी वक्र पातेच पसंत व्हायला हवे होते.

प्रत्यक्षात झाले ते उलट. प्रौढांसाठी मॅकिंटॉशचे पाते जगभर रूढ झाले आणि नवजात मुलांसाठी मिलरचे. याचे कारण मुलाच्या कंठरचनेत आहे, आणि येथेच हा विषय भाषाविज्ञानाच्या अंगणात शिरतो.

नवजात मुलाचे स्वरयंत्र मानेत उंचावर असते. ते मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर सापडते. प्रौढात ते पाचव्या-सहाव्या मणक्यापर्यंत खाली उतरलेले असते. या उंच स्थानामुळे मुलाचे अधिस्वरद्वार मऊ टाळूच्या अगदी निकट येते, दूध गिळताना नाकाने श्वास घेणे त्याला साधते, आणि तोंडाने श्वास घेण्याची त्याला सवयच नसते. हीच रचना उच्चाराच्या आड येते. जिभेच्या मागे प्रौढाला लाभणारी लांब उभी पोकळी मुलाला नसते. जीभ जवळजवळ सगळी तोंडातच असते. या आधारावर फिलिप लीबरमन याने १९६० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की आ, ई, ऊ हे टोकाचे स्वर नवजात मुलाच्या उच्चारमार्गाला शक्यच नाहीत. पुढे ल्वी-जाँ बोए आणि त्याचे सहकारी यांनी यावर आक्षेप घेतला. पोकळीचा आकार तितका आड येत नाही, उणीव असते ती अवयवांवरील नियंत्रणाची, असे त्यांचे म्हणणे. अडचण रचनेची की कौशल्याची, हा जो वाद स्वरांविषयी झाला, तोच वाद लॅरिंगोस्कोपविषयीही निराळ्या वेषात चालू होता, हे पुढे दिसून येईल.

नळी घालणाऱ्याच्या दृष्टीने उंच स्वरयंत्राचा अर्थ असा की जिभेचे मूळ आणि स्वरद्वार एकमेकांच्या फार जवळ येतात. प्रौढात जीभ बाजूला सारली की मागे पुरेशी खोली मिळते. मुलात जीभ तोंडाच्या मानाने मोठी, आणि तिच्या लगेच मागे, जणू कोपऱ्यावरच, स्वरद्वार असते. तेथे नजर पोचण्यास एकदम वळावे लागते. शिवाय मुलाचे अधिस्वरद्वार लांब, अरुंद, ग्रीक ओमेगा अक्षरासारखे दुमडलेले आणि लवचिक असते. ते स्वरद्वारावर कललेले असते. वॅलेक्युलात दाब दिला तरी असले मऊ पान पुरते उचलले जाईल याची खात्री नसते, म्हणून ते सरळ टोकाने उचललेले बरे, असा अनुभवी लोकांचा अभिप्राय पडला. मॅकिंटॉशच्या पात्याची डाव्या बाजूची उभी कड प्रौढाची जीभ सारण्यास उपयोगी, पण लहानशा तोंडात तीच कड जागा अडविते. मुलाचे डोके धडाच्या मानाने मोठे व मागे फुगीर असल्याने उताणे निजविले की मान आपोआप पुढे वाकते. म्हणून प्रौढाला डोक्याखाली उशी देतात, तर मुलाला बहुधा खांद्याखाली घडी. ज्याने केवळ प्रौढांवर हात बसविला आहे, त्याची प्रत्येक सवय येथे थोडीशी चुकते.

मध्यम मार्गही शोधले गेले. ऑक्सफर्डचे अर्भक-पाते १९५२ चे, सीवर्डचे १९५७ चे, तर रॉबर्टशॉचे, टोकाकडे सौम्य वळण असलेले, १९६२ चे. या प्रत्येकाचे आग्रही पुरस्कर्ते होते आणि काही रुग्णालयांत अजूनही आहेत. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. नवजात मुलांच्या पुनरुज्जीवनाच्या शिक्षणात आज सरळ पातेच सांगितले जाते: पूर्ण दिवसांच्या मुलास १ क्रमांकाचे, अपुऱ्या दिवसांच्या मुलास ० क्रमांकाचे, आणि फारच लहान मुलास हवे तर ०० क्रमांकाचे. नळीचा आतील व्यास २.५ पासून ३.५ मिलिमीटरपर्यंत असतो. ओठापासून नळी किती आत जावी याचा एक सोपा ठोकताळा वापरात आहे. मुलाच्या वजनाच्या किलोग्रॅमच्या आकड्यात ६ मिळवावे, म्हणजे सेंटिमीटर मिळतात.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. येथे सगळा हिशेब मिलिमीटरांचा आणि सेकंदांचा आहे. चार मिलिमीटर व्यासाच्या मार्गाला सभोवार एक मिलिमीटर सूज आली तर त्याचे क्षेत्रफळ पाऊण हिश्श्याने घटते, आणि संथ प्रवाहाच्या नियमाने रोध सोळापट वाढतो. प्रौढाच्या रुंद श्वासनलिकेत तीच सूज जाणवतही नाही. वजनाच्या प्रमाणात मुलाला प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो आणि फुप्फुसातील साठा थोडा असतो. म्हणून श्वास थांबल्यावर त्याचे रक्त प्रौढापेक्षा कितीतरी लवकर निळे पडू लागते. एक प्रयत्न सुमारे अर्ध्या मिनिटात आटोपावा आणि न जमल्यास थांबून मुलाला मुखवट्याने श्वास द्यावा, हा दंडक त्यातूनच आला. प्रत्येक फसलेला प्रयत्न सूज वाढवितो, रक्त आणतो आणि पुढचा प्रयत्न अधिक अवघड करतो. म्हणूनच उपकरणांची तुलना करताना ‘पहिल्याच प्रयत्नात यश’ हे माप आज मुख्य मानले जाते. शेवटी नळी गेली की नाही, हे माप फार ढोबळ आहे.

रचनेविषयीच्या गृहीतांचे काय होते, याचे एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. मुलाचे स्वरयंत्र गाळणीसारखे निमुळते असून त्याचा सर्वांत अरुंद भाग मुद्रिका कूर्चेपाशी असतो, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. त्याचा उगम १८९७ सालच्या बायो या फ्रेंच वैद्याच्या, घटसर्पाच्या संदर्भातील, मृत शरीरांवरील मोजमापांत होता, आणि १९५१ साली एकेनहॉफच्या लेखाने ते भूलशास्त्रात प्रतिष्ठित झाले. २००३ साली चुंबकीय अनुनादाच्या चित्रांनी आणि २००९ साली दुर्बिणीच्या चित्रीकरणाने जिवंत मुलांत निराळेच आढळले. त्यांच्यात सर्वांत अरुंद जागा स्वरतंतूंच्याच आसपास होती. मृत शरीरात स्वरतंतू सैल होऊन बाजूला होतात, हे मोजणाऱ्याच्या नजरेतून निसटले होते. एकदा आकृती छापली गेली की ती किती काळ डोळ्यांवर राज्य करते, हे भाषाभ्यासकांना निराळे सांगायला नको.

सरळ पात्याच्या श्रेष्ठत्वाचीही अशीच परीक्षा व्हायची होती. ती बरीच उशिरा झाली. २०१४ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांपैकी एक भारतातील होता. दोहोंत दोन वर्षांच्या आतील मुलांत मिलर व मॅकिंटॉश या पात्यांनी स्वरद्वार कितपत दिसते हे ताडून पाहिले होते. निष्कर्ष असा की सरळ पात्याने झाकण उचलले काय किंवा वक्र पात्याने जिभेचे मूळ उचलले काय, बहुतेक मुलांत सारखेच चांगले दर्शन होते. भारतीय अभ्यासाने एक व्यवहारी सूचनाही केली: एका पात्याने दिसत नसेल तर दुसरे घेऊन पाहावे. येथे सावधगिरी हवी. ही मुले शस्त्रक्रियागृहातील होती. त्यांना भूल दिलेली होती, आणि नळी घालणारे त्या कामात मुरलेले होते. प्रसूतिगृहात मध्यरात्री जन्मलेल्या किलोभर वजनाच्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही एवढे म्हणता येते की कुशल हातात पात्याच्या आकाराने फारसे बिघडत नाही. दीर्घकाळ रचनेच्या नावावर टाकलेली अडचण बऱ्याच अंशी हाताच्या सवयीची होती.

मग अकुशल हाताचे काय? खरा पेच येथे आहे, आणि तो दिवसेंदिवस घट्ट होत आहे. नवजात मुलांत नळी घालण्याचे प्रसंगच आता कमी झाले आहेत. सतत दाबाने नाकावाटे हवा देण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे अनेक अपुऱ्या दिवसांच्या मुलांना नळी लागत नाही. पोटात शी केलेल्या निपचित मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालून सरसकट मळ ओढण्याची शिफारस २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात मागे घेण्यात आली. मुलांच्या दृष्टीने हे सारे इष्टच. पण याचा दुसरा अर्थ असा की शिकणाऱ्या तरुण वैद्याच्या वाट्याला पूर्वी जेथे अनेक प्रसंग येत, तेथे आता मोजके येतात, आणि जे येतात ते कठीण असतात. शिक्षकाची स्थिती आणखी विचित्र. प्रत्यक्ष लॅरिंगोस्कोपीत स्वरद्वार एका वेळी एकाच माणसाला दिसते. शिष्य वाकून पाहत असतो आणि गुरू त्याच्या खांद्यामागे उभा राहून ‘काय दिसते?’ असे विचारतो. शिष्याला जे दिसते त्याला काय म्हणावे हे त्याला ठाऊक नसते. गुलाबी काहीतरी दिसते, एवढेच तो सांगू शकतो. १९८४ साली कॉर्मॅक व लेहेन यांनी दर्शनाच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. पूर्ण स्वरद्वार दिसणे, त्याचा मागील भागच दिसणे, केवळ अधिस्वरद्वार दिसणे, आणि तेही न दिसणे. एका अर्थाने तो खासगी दृश्याला सार्वजनिक भाषा देण्याचा प्रयत्न होता. पण वर्णन खरे की खोटे हे पडताळण्याची सोय त्या भाषेत नव्हती. ओड्वायरच्या बोटाप्रमाणेच ही नजरही ज्याची त्याच्यापाशी राही.

व्हिडिओ-लॅरिंगोस्कोपने बदलले ते हे. कॅनडातील शल्यवैद्य जॉन पेसी याचे ग्लाइडस्कोप हे उपकरण २००१ साली आले. पात्याच्या टोकाजवळ सूक्ष्म कॅमेरा आणि बाहेर पडदा, अशी त्याची योजना. डोळा तोंडाबाहेर राहतो आणि दृष्टी कोपऱ्यापलीकडे जाते. बारकाईने पाहिले तर किर्स्टाइनची सरळ रेषा सोडून हे गार्सियाच्या आरशाकडे परत जाणे आहे. फरक इतकाच की आता प्रतिबिंब सर्वांना दिसते आणि मुलाचे सहकार्य लागत नाही.

या उपकरणांचे दोन वर्ग वेगळे ठेवले पाहिजेत, कारण त्यांच्या गुणदोषांची गल्लत नेहमी होते. एका वर्गात पाते तीव्र वाकलेले असते. त्याने स्वरद्वार फार सुरेख दिसते. पण दिसते ते कोपऱ्यावरून, आणि नळीला तोच कोपरा वळावा लागतो. तिला आत वाकडी सळई घालून आकार द्यावा लागतो. स्वरद्वार पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही नळी त्याच्या कडेला अडते, हा अनुभव अनेकांना येतो. तान्ह्या मुलांवर ग्लाइडस्कोपची साध्या लॅरिंगोस्कोपशी तुलना करणाऱ्या २०१२ सालच्या एका प्रयोगात दर्शन अधिक चांगले झाले, पण नळी सरकविण्यास वेळ अधिक लागला. दुसऱ्या वर्गात कॅमेरा नेहमीच्या मिलर पात्यातच बसविलेला असतो. येथे हाताची शिकवण तीच राहते आणि पडदा ही केवळ भर असते.

या दुसऱ्या वर्गाविषयीचा पुरावा आता चांगला भक्कम झाला आहे. २०२० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील चार व ऑस्ट्रेलियातील एका रुग्णालयात एक वर्षाच्या आतील साडेपाचशेवर मुलांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली होती. पहिल्या प्रयत्नात यश व्हिडिओने ९३ टक्के, साध्या मिलर पात्याने ८८ टक्के. साडेसहा किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या मुलांत हे अंतर ९२ विरुद्ध ८१ असे वाढले, आणि नळी अन्ननलिकेत जाण्याचे प्रकार व्हिडिओच्या गटात १ तर दुसऱ्यात ७ घडले. येथेही हात अनुभवी लोकांचे होते. याहून बोलके आकडे २०२४ साली डब्लिनमधील प्रसूती रुग्णालयातून आले. तेथे नवजात मुलांना तातडीने नळी घालण्याच्या प्रसंगी व्हिडिओने १०७ पैकी ७९ मुलांत, म्हणजे ७४ टक्के, पहिल्याच प्रयत्नात यश आले. प्रत्यक्ष दृष्टीने १०७ पैकी ४८, म्हणजे ४५ टक्के. एकंदर यश कमी, आणि दोन पद्धतींमधील अंतर मात्र फार मोठे. काम जितके तातडीचे आणि मूल जितके लहान, तितका पडद्याचा उपयोग अधिक, असे या दोन प्रयोगांना शेजारी ठेवल्यावर वाटते.

परंतु यश वाढते ते कशाने? चित्र मोठे दिसते म्हणून, की दुसरे कोणी तरी ते पाहते म्हणून? हा प्रश्न अत्यंत चतुराईने वेगळा काढणारा एक प्रयोग मेलबर्नमध्ये झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. नवशिक्या वैद्यांनी दोनशेहून अधिक वेळा नवजात मुलांना नळ्या घातल्या. सर्व वेळी उपकरण एकच होते, कॅमेरा बसविलेले मिलर पाते. आणि शिकणारा नेहमीप्रमाणे सरळ तोंडात पाहूनच काम करीत होता. फरक केला तो एवढाच: निम्म्या वेळी पडदा शिक्षकाला दिसत होता, निम्म्या वेळी झाकलेला होता. पडदा उघडा असताना यश ६६ टक्के, झाकलेला असताना ४१ टक्के. पाते तेच, नजर तीच, स्वरयंत्र तेवढेच उंच आणि झाकण तेवढेच लवचिक. बदलले ते इतकेच की ‘थोडे मागे घे, तू अन्ननलिकेपाशी आहेस’ हे सांगणाऱ्याला आता ते खरोखर दिसत होते.

पात्यांच्या ऐंशी वर्षांच्या वादात अशा मोठ्या फरकाचा आकडा कोणत्याही पात्याच्या बाजूने मिळालेला नाही. याचा अर्थ पात्याची निवड निरर्थक आहे असा नव्हे. अगदी लहान, किलोभराहून हलक्या मुलाच्या तोंडात मॅकिंटॉशची रुंद कड मावतच नाही, आणि कॅमेऱ्याचे पातेही जाडीमुळे पुष्कळदा अडते. स्राव, रक्त किंवा वाफ यांनी कॅमेऱ्याचे भिंग झाकले की पडदा निरुपयोगी होतो. घट पुरेसे विद्युत्भारित नसतील तर तो उजळतच नाही. किंमतही साध्या लॅरिंगोस्कोपच्या अनेकपट असल्याने लहान रुग्णालयांत तो सहसा आढळत नाही. आणखी एक शंका जाणकार बोलून दाखवितात. ज्या पिढीने केवळ पडद्यावर पाहून हात बसविला, तिला पडद्यावाचून नळी घालता येईल काय? प्रातिशाख्यकारांना आरसा लागला नाही, हे खरे. पण त्यांच्या चुकीची किंमत कोणा मुलाला मोजावी लागत नव्हती.

म्हणूनच नवजात मुलांसाठी कॅमेरा बसविलेले नेहमीचे सरळ पाते शिक्षकांना विशेष सोयीचे वाटते. शिकणारा डोळा तोंडाशी लावून प्रत्यक्ष स्वरद्वार पाहतो, शिक्षक पडद्यावर तेच पाहून त्याला शब्द पुरवितो, आणि भिंगावर वाफ धरली तर तेच पाते, हात न हलविता, मिलरचे साधे पाते म्हणून काम देते.